डिस्कचा भांग

नव्वदचं दशक संपता संपता मला एकाच महिन्यात तीन स्थळं आली. तिन्ही सीडीवर होती. पत्रिका कुणी मागितली नाही, मानपानाचं कुणी बोललं नाही. तिघांचं नाव एकच, लिनक्स, फक्त आडनावं निरनिराळी. मी तेव्हा एकतीस वर्षांची होते आणि नौपाड्यातल्या एका छापखान्यात कॉम्प्युटरवर लग्नपत्रिका जुळवत होते. दिवसाला आठ-दहा वेळा ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’ टाइप करणाऱ्या बाईला लग्नाचं अप्रूप उरत नाही, त्यामुळे खऱ्या स्थळांकडे मी ढुंकूनही पाहत नव्हते. या तिघांतून मात्र एक निवडायचा होता आणि नीट पारखून निवडायचा होता. घरच्या कॉम्प्युटरमध्ये बाबांचे शब्द होते, आणि ते टिकवायचा दुसरा मार्ग मला दिसत नव्हता.

बाबांचे शब्द म्हणजे काय, ते आधी सांगते.

बाबा ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातले. आजोबा खाडीत जाळी लावायचे. बाबा मात्र आंबिवलीच्या एका कारखान्यात फिटर म्हणून लागले, डोंबिवलीत वन-रूम-किचन घेतलं, आणि त्या दारातून आत येताना खाडी बाहेर काढून ठेवली. घरात शुद्ध बोलायचं, हा त्यांचा नियम. लहानपणी मी कोळीवाड्यातून शिकून आल्यासारखं एकदा ‘माना नको’ म्हणाले, तर त्यांनी पाठीत धपाटा घातला होता. ‘मला’ म्हणायचं, ‘पाणी’ म्हणायचं, ‘पानी’ नाही. कारखान्यात त्यांना कुणीतरी भाषेवरून हसलं असणार, पण ते त्यांनी कधी सांगितलं नाही. आई भातशेतीवाल्या गावातली. तिला आवण, पेंढा, उडवी असले शब्द यायचे. पाण्याचा तिला गंध नव्हता. अशा रीतीने मी खाडीवरच्या माणसाची एकुलती एक मुलगी, मासे कापण्यापुरती कोळी होते.

निवृत्त होऊन दोन वर्षं होतात न होतात तोच त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, तोंड एका बाजूला ओढलं गेलं. चौथ्या दिवशी ते बोलायला लागले तेव्हा डॉक्टर आम्हाला बाहेर नेऊन म्हणाले, “शब्द निघतायत, पण अर्थ लागत नाहीये. बडबड आहे. वेळ लागेल.” आई पदर तोंडाला लावून रडत होती. ती तशीच रडत रडत हसायला लागली.

“अहो डॉक्टर, ते बडबडत नाहीयेत. ते कोळी बोलतायत.”

पस्तीस वर्षं कोंडून ठेवलेली भाषा त्या झटक्याने मोकळी केली होती, आणि शुद्ध मराठी, जी त्यांनी कष्टाने कमावली होती, ती जवळजवळ पुसून टाकली होती. डॉक्टर ओशाळले. मग त्यांनी सांगितलं, जी भाषा येते ती बोलू द्या, रोज तासभर बोलतं ठेवा. निघताना मला एकटीला थांबवून म्हणाले, “असे लहान लहान झटके पुन्हा येतात. दरवेळी थोडं थोडं घेऊन जातात. त्यांना काही विचारायचं असेल तर आत्ता विचारून घ्या.”

मी विचारायला बसले. छापखान्याने नवे कॉम्प्युटर घेतले तेव्हा एक जुना मला मिळाला होता. तो खिडकीशी ठेवला होता. रोज सकाळी कामावर जायच्या आधी बाबा त्याच्या शेजारी खुर्चीत बसायचे, डाव्या हातात कप. मी विचारायची, ते सांगायचे, मी टाइप करायची. जाळ्यांची नावं, वाऱ्यांची नावं, चिखलाचीसुद्धा नावं. पाय कुठल्या चिखलात घोट्यापर्यंत जातो आणि कुठल्यात गुडघ्यापर्यंत, त्याला वेगवेगळे शब्द. एकच मासा लहान असताना वेगळा आणि मोठा झाल्यावर वेगळा. होडीच्या कुठल्या फळीला काय म्हणायचं. मी एकेका शब्दापुढे अर्थ लिहायची. पहिल्यांदा हा नुसता व्यायाम होता, डॉक्टरांनी सांगितला म्हणून. महिन्याभरात तो व्यायाम राहिला नाही. बाबा माझ्याआधी उठून, दाढी वगैरे आईकडून करून घेऊन खुर्चीत बसलेले असायचे. उशीर झाला तर रागवायचे. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना जे येत होतं ते कुणालातरी हवं होतं, आणि मलाही पहिल्यांदाच माझे वडील नेमके कोण आहेत ते कळत होतं. ते दिवस फार चांगले होते. हे मी मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढे चांगलं फारसं नाही.

एका सकाळी ‘भांग’ आला.

“भांग म्हणजे?” मी विचारलं.

“अष्टमीच्या आसपास पानी मरतं गो बाय. धड चढत नाय, धड उतरत नाय. डोलीत कायपन येत नाय.” डोल म्हणजे पाण्याच्या ओढीच्या तोंडाशी लावायचं पिशवीसारखं मोठं जाळं, ते आधीच लिहून झालं होतं. “तो भांग. भांगाला घरी बसायचं, जाली शिवायची.”

शाळेत भूगोलात भांगाची भरती शिकले होते, पण तिचा आणि घरी बसलेल्या माझ्या आजोबांचा संबंध कुणी सांगितला नव्हता. मी म्हटलं, “आम्हाला तर केसांतलाच भांग माहीत.” बाबा तोंडाच्या चांगल्या बाजूने खूप हसले. त्यानंतर कितीतरी दिवस मी वेणी घालायला बसले की ते म्हणायचे, “आज भांग हाय, कामाला जाऊ नको.”

गणपती झाल्यावर माझ्या मनात आलं, दिवाळीला हे छापून बाबांच्या हातात द्यावं. साधंच, वीस-पंचवीस पानं, स्टेपल मारलेलं. फ्लॉपीवर फाइल घेऊन छापखान्यात गेले, उघडली, आणि कपाळाला हात लावला. मराठीचं एक अक्षर नाही. उलटसुलट रोमन अक्षरं, स्वल्पविराम, चौकोन. मालक मागून डोकावून म्हणाले, “तुमचा फॉन्ट वेगळ्या कंपनीचा, आपला वेगळ्या. तुमचा तो तिकडेच दिसणार.” माझ्या घरचा फॉन्ट तर चोरून उतरवलेला होता, तो छापायला गेलं की मधेच बंद पडायचा. त्या काळी मराठीची अशी दशा होती. प्रत्येक कंपनीची मराठी निराळी, आणि एकीची दुसरीला वाचता येत नव्हती. मला असा संताप आला की त्या दिवशी एका वधूपित्याचं नाव मी तीनदा चुकवलं. बाबांची भाषा पस्तीस वर्षं लाजेने कोंडली होती. आता ती बाहेर आली, तर फॉन्टने कोंडली.

त्याच आठवड्यात एका कॉम्प्युटरच्या मासिकात लेख आला. कॉम्प्युटर चालवणारी एक प्रणाली आहे, लिनक्स नावाची, कुणा कंपनीची नाही, जगभरच्या लोकांनी मिळून केलेली, फुकट, आणि तिच्या पोटात काय आहे ते कुणीही उघडून पाहावं. तिच्यात छपाईचा एक प्रोग्रॅम मिळतो. मराठी शब्द साध्या रोमन अक्षरांत लिहायचे, तो त्यांची सुबक देवनागरी करून कागदावर उतरवतो. मूळ फाइल साधी अक्षरंच राहते, ती कुठल्याही कॉम्प्युटरवर, कितीही वर्षांनी वाचता येते. मी तो लेख उभ्याउभ्याच दोनदा वाचला. कुलूप नाही, कंपनी नाही, फॉन्टची भानगड नाही. हेच बाबांच्या शब्दांचं घर, असं मी तिथेच ठरवून टाकलं.

विंडोज काढून टाकता येत नव्हतं, कारण रविवारी घरी मी पत्रिकांची डिझाइनं करायची आणि ती त्याच्यावरच चालायची. म्हणजे एकाच डिस्कवर दोघांना नांदवायचं. कॉम्प्युटर चालू केला की तो विचारणार, आज कोण? मी बाबांना समजावून सांगितलं, “बाबा, डिस्कचा भांग पाडायचाय. इकडे विंडोज, तिकडे नवीन.” त्यांना ते फार आवडलं. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, माझी पोर कॉम्प्युटरचा भांग पाडते.

आता ती तीन स्थळं. पहिलं त्या मासिकाबरोबर आलेलं. दिसायला देखणं, निळ्या पडद्यावर नीट प्रश्न विचारणारं, प्रत्येक प्रश्नाखाली दोन ओळींचा खुलासा. दुसरं छापखान्याच्या मालकांनी कुठूनतरी आणलेली एक सीडी, तिच्यावर पेनाने लिहिलेलं, ‘लिनक्स – चांगलं आहे’. ही निम्म्यात अडकून घरघरायची, तिला तिथेच नारळ दिला. तिसरं स्थळ नौपाड्यातल्याच एका कॉम्प्युटर क्लासच्या सरांनी दिलं. चार सीड्या, मिठाईच्या डब्यात घालून दिलेल्या. सर मध्यमवयीन, मवाळ. म्हणाले, “यात सगळं आहे. पण हा बोलत नाही. जे करायचं ते आपणच जाणून करायचं.”

मी वहीत रकाने आखले आणि पंधरा दिवस घोळ घातला. खरं तर मासिकवाला मला आवडला होता. माझ्यासारख्या अर्धवट शिकलेल्या बाईला समजून घेणारा होता. पण त्याच्या सीडीवर देवनागरीचा तो प्रोग्रॅम नव्हता. सरांच्या तिसऱ्या सीडीवर होता. इंटरनेटवरून उतरवून घेण्याइतका फोन तेव्हा आमच्याकडे मोकळा नव्हता, म्हणजे फोनच नव्हता. शेवटी मी हुशार पण अबोल स्थळ पसंत केलं. कितीतरी मुलींनी केलं असेल, आणि पुढचं त्यांनीही भोगलं असेल.

सरांनी एक गोष्ट बजावली होती. आधी कॉपी काढा. मी काढली. बाबांची फाइल एका फ्लॉपीत सहज मावली. तिच्यावर चिठ्ठी चिकटवून लिहिलं, ‘बाबांचे शब्द’. आई भाजी निवडत होती, तिने विचारलं, यात कसे गं मावले सगळे शब्द? मी चांगल्या मूडमध्ये होते. फ्लॉपीचं पत्र्याचं झाकण बोटाने सरकवून तिला आतली तपकिरी चकती दाखवली. म्हटलं, हे वरचं नुसतं झाकण, शब्द असतात ते या आतल्यावर. तिने चष्मा वर करून निरखून पाहिलं. मग मीच तिला म्हटलं, ही कुठेतरी सांभाळून ठेव, कुणाचा हात लागणार नाही अशा जागी. तिने ती देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवली.

दोन-तीन दिवसांनी दसरा आला. संध्याकाळी कामावरून आले तर कॉम्प्युटरच्या पडद्यावर हळदीकुंकवाची बोटं, की-बोर्डावर अक्षता आणि आपट्याची पानं. आमच्याकडे दसऱ्याला बाबांचे पाने-पक्कड आणि आईची शिलाई मशीन पूजायची पद्धत होतीच, त्यात आता हाही आला. मी भडकले. एक एक तांदूळ टाचणीने काढत आईला ऐकवलं की हे विजेचं यंत्र आहे, पाटा-वरवंटा नाही. पडदा मी ओल्या फडक्याने पुसला. खण उघडून बघावा, असं माझ्या स्वप्नातही आलं नाही.

छापखान्यात दिवाळीची गर्दी होती, म्हणून दिवाळी झाल्यावरच्या रविवारी सकाळी आंघोळ करून बसले. बाबा शेजारी खुर्चीत. डिस्कचे मी आधीच तीन भाग करून ठेवले होते. पहिल्यात, म्हणजे सीमध्ये, विंडोज. दुसऱ्यात, डीमध्ये, बाबांचे शब्द. तिसरा, ई, नव्या पाहुण्यासाठी रिकामा. सरांची सीडी घातली. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली आणि तिने डिस्कची यादी दाखवली. सी, डी, ई असं काही नाही, नुसते आकडे. एक, दोन, पाच, सहा.

माझ्या खोल्या तीन आणि इथे दारं चार. प्रत्येकापुढे केवढं माप आहे तेही लिहिलं होतं, पण ते माझ्या ओळखीच्या मापात नव्हतं. मासिकवाल्याने अशा ठिकाणी दोन ओळी खुलासा केला असता. हा गप्प बसून राहिला. मी बोटं मोजली. एक म्हणजे सी. दोन म्हणजे डी. पाच म्हणजे तिसरा, म्हणजे ई. सहा हा त्याचा त्याने काहीतरी केलेला असणार. सरांचा क्लास रविवारी बंद असायचा. उद्यापर्यंत थांबता आलं असतं. बाबा म्हणाले, “पाड ना भांग.” मी पाच निवडला.

दोन म्हणजे खोली नव्हतीच. तो पॅसेज होता, ज्याच्यातून पुढच्या दोन खोल्यांत जायचं. डीचा नंबर पाच होता. हे मला दुसऱ्या दिवशी सरांनी कागदावर काढून दाखवलं, एखाद्या ब्लॉकचा नकाशा काढावा तसं. दोन मिनिटांत समजलं. इतकं सोपं होतं.

त्या सकाळी मात्र सगळं सुरळीत झालं, म्हणूनच जास्त लागतं. तासाभराने चारी सीड्या फिरून झाल्या, कॉम्प्युटर पुन्हा चालू झाला, आणि त्याने विचारलं, कोण? मी नवा निवडला. काळ्या पडद्यावर एक ओळ आली, माझं नाव विचारणारी. मी नाव लिहिलं, तो आत घेऊन गेला. मी जागेवरून उठून बाबांच्या पाया पडले. आई साखर घेऊन आली. बाबा म्हणाले, “माझं शब्द दाव.” मी म्हटलं, ते अजून तिकडे आहेत, आणते. विंडोजमध्ये गेले. डी होता. उघडला. रिकामा होता.

खरा डी आता नव्या पाहुण्याखाली गेला होता आणि रिकाम्या ईलाच विंडोज डी म्हणत होतं. हे तेव्हा कळलं नाही. मी पुन्हा पुन्हा उघडत राहिले. तरी एवढी घाबरले नाही, कारण फ्लॉपी होती. बाबांना म्हटलं, एक मिनिट हां, आणि देव्हाऱ्याखालचा खण उघडला. फ्लॉपी एका छोट्या लाल कापडावर ठेवली होती. चिठ्ठी स्वच्छ, झाकण स्वच्छ. मशीनमध्ये घातली. कर्र कर्र असा आवाज आला, असा मी त्याआधी ऐकला नव्हता. पडद्यावर ओळ आली, वाचता येत नाही. पुन्हा घातली. पुन्हा तेच. बाहेर काढून झाकण सरकवलं. आतल्या चकतीवर हळदीचं एक बोट आणि कुंकवाचं एक बोट होतं. ओलं करून लावलेलं, मग वाळलेलं, मग मशीनने गोल गोल खरवडलेलं.

मी आईवर ओरडले. इतकी ओरडले की शेजारच्यांनी दार उघडून पाहिलं. काय बोलले ते इथे लिहीत नाही. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, साखरेची वाटी हातात.

“तूच म्हणालीस ना, शब्द आतल्यावर आहेत,” ती म्हणाली. “झाकणाला काय कुंकू लावायचं?”

तिने पूजा नीट केली होती. वरवरची नाही, ज्याची करायची त्याचीच. मीच तिला ते उघडून दाखवलं होतं, मीच तिथे ठेवायला लावली होती, मीच एकच कॉपी काढली होती, आणि काढल्यावर ती एकदाही उघडून पाहिली नव्हती. पाच नंबर तर तिने निवडला नव्हता. हे सगळं मला तेव्हाही माहीत होतं आणि तरी मी ओरडत राहिले. आई त्यानंतर कधीही कॉम्प्युटरशी माझ्या पाठीमागे येऊन उभी राहिली नाही. पुढच्या दसऱ्याला तिने ताट लांब ठेवलं आणि लांबूनच हात जोडले. त्याची मला अजून लाज वाटते.

चकती मी स्पिरिटच्या कापसाने पुसून पाहिली. दुसरी ड्राइव्ह मागून आणली, तीही कुंकवाने बिघडली. सरांनी कॉम्प्युटर क्लासवर आणायला लावला, दोन दिवस ठेवून घेतला, आणि तिसऱ्या दिवशी वायर गुंडाळून माझ्या हातात दिली. रिक्षात मांडीवर कॉम्प्युटर घेऊन मी स्टेशनपर्यंत रडत आले.

बाबांना मी सांगितलं नाही.

आमचं भांडण त्यांच्यासमोरच झालं होतं, पण त्यांना वाटलं ते कुंकवावरूनच झालं. शब्द आहेत ना, त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी नवी फाइल उघडून बसले आणि अगदी सहज विचारावं तसं विचारलं, बाबा, डोलीच्या तोंडाला जो दोर असतो त्याला काय म्हणायचं? बाबांनी माझ्याकडे पाहिलं.

“ते सांगितलंय ना तुना.”

“पुन्हा सांगा ना.”

“कशाला? ते आता तुझ्याकडं हायत.” आणि कप माझ्या हातात देऊन ते उठले.

मी चिडून, लाडीगोडी लावून, खोटं बोलून, सगळ्या तऱ्हांनी प्रयत्न केला. थोडे शब्द मिळाले. पण ते मन लावून सांगत नव्हते. त्यांच्या दृष्टीने काम संपलं होतं. ओझं उतरवून ठेवलेल्या माणसासारखे ते निवांत झाले होते. दुपारी झोपायला लागले. शिमग्याच्या आधी दुसरा झटका आला, लहानसा, डॉक्टर म्हणाले होते तसा. हॉस्पिटलातही राहावं लागलं नाही. फक्त त्यानंतर विचारलं की ते थांबायचे, ओठ हलायचे, आणि ‘त्याला... ते...’ म्हणून हात हवेत राहायचा.

मी चेंदणीला गेले. बाबांचे दोन चुलतभाऊ होते. एक बँकेत शिपाई होता, एक रिक्षा चालवायचा. त्यांनी चहा दिला, आपुलकीने विचारपूस केली. शब्द विचारल्यावर एकमेकांकडे पाहून हसले. “खाडीत आता हाय काय? नाला झालाय. आमी पन इसरलो गो.” त्यांच्या मुली दाराशी उभ्या राहून ऐकत होत्या आणि त्यांना माझी गंमत वाटत होती. मी चार शब्द घेऊन परत आले. त्यातले दोन मला आधीच माहीत होते.

इकडे नवी प्रणाली मात्र फार गुणाची निघाली. कधी अडली नाही, कधी बंद पडली नाही. छपाईचा प्रोग्रॅम शिकायला मला महिना लागला. रोमन अक्षरांत लिहायचं, आज्ञा द्यायची, आणि पानावर देवनागरी उमटायची, जोडाक्षरं, वेलांट्या, सगळं जागच्या जागी. मी लिनक्सला एका शब्दानेही दोष देणार नाही. त्याने जे कबूल केलं होतं ते सगळं दिलं. घर पक्कं बांधून झालं होतं, फक्त राहायला येणारं कुणी उरलं नव्हतं.

मला स्वतःला आठवत होते ते शब्द मी एकदा बसून लिहून काढले. दोन पानंसुद्धा भरली नाहीत. त्यांतल्या बऱ्याच शब्दांचा अर्थ मला धड आठवत नव्हता, तिथे मी जागा कोरी सोडली. ती पानं छापली आणि एका सकाळी बाबांच्या शेजारी जाऊन बसले. आता ते खुर्चीत बसत नव्हते, कॉटवर उशीला टेकून असायचे. एकेक शब्द मोठ्याने वाचायचा, आणि त्यांनी काही सांगितलं तर कोरी जागा भरायची, असा माझा विचार होता. पहिल्या शब्दाला त्यांनी मान हलवली. दुसऱ्याला डोळे मिटले. तिसरा, चौथा. मी घाई केली नाही. आई दारापाशी बसून लसूण सोलत होती, तिने सोलणं थांबवलं होतं.

शेवटचा शब्द मी मुद्दाम राखून ठेवला होता. त्याचा अर्थ मला पक्का माहीत होता, पुढे लिहूनही झाला होता. निदान एक तरी त्यांना येईल, त्यांनाही बरं वाटेल, म्हणून.

“बाबा,” मी म्हटलं, “भांग म्हणजे काय?”

त्यांचा चेहरा उजळला. खरंच उजळला, दोन्ही बाजूंनी. त्यांनी डावा हात उचलला. मी जवळ वाकले. त्यांनी बोट माझ्या कपाळावर टेकवलं आणि केसांतून सरळ मागे नेलं, अगदी भांगाच्या रेषेवरून.

“यो,” ते म्हणाले.

मी वाट पाहिली. पाण्याचं काहीतरी येईल, अष्टमीचं, घरी बसायचं, जाली शिवायचं. काही आलं नाही. बोट तसंच डोक्यावर होतं आणि ते माझ्याकडे पाहत होते, तोंडी परीक्षेला उभ्या राहिलेल्या माणसासारखे.

“बरोबर?” त्यांनी विचारलं.

“बरोबर,” मी म्हटलं.